लिया अजून विहिरीतच आहे

चिडलेल्या माणसांकडे किस्से आपोआप साठत जातात, मोबाईलमध्ये गुड मॉर्निंगचे फोटो साठतात तसे. आम्ही चौघं, म्हणजे अल्ताफ, नागेश, विन्या आणि मी, एका गेम कंपनीवर कॉलेजपासून चिडून आहोत. आता नागेशची पोरगी शाळेत जाते, राग मात्र होता तिथंच आहे!

मूळ भानगड अशी. गेम तीन भागांची. पहिले दोन भाग आम्ही अल्ताफच्या घरी, पुढच्या खोलीत खेळलो. शेजारी त्याची अम्मी, आमची खाला, शाळेच्या युनिफॉर्मना बटणं लावत बसायची आणि सगळी गोष्ट बघायची. इंग्रजी संवाद अल्ताफ तिला समजावून सांगायचा. दुसऱ्या भागाच्या शेवटी लिया नावाची पोरगी विहिरीत अडकते. तिकडे गावात पुराचं पाणी शिरतंय. दोर एकच! त्याने लियाला वर काढा, नाहीतर धरणाचा दरवाजा ओढून गाव वाचवा.

कंट्रोलरवर अल्ताफचे हात थांबले. "अम्मी, क्या करूं?"

खालाने सुई बाजूला ठेवली. "गाव बचा. छोकरीकू बाद में निकालेंगे."

गाव वाचलं. लियाने खालून विचारलं, "परत याल ना?" आणि पडद्यावर अक्षरं आली, 'तिसऱ्या भागात भेटू.'

तो तिसरा भाग काही आला नाही.

*

एकदा कंपनीने जाहीर केलं, 'मोठी बातमी देणार!' नागेशने ऑफिसात हाफ डे टाकला, अल्ताफने भाडं सोडून टेम्पो घरासमोर लावला. बातमी काय, तर हिरोसाठी नवीन टोप्या!

"पोरीला दोर न्हाय आन ह्याला टोपी?" अल्ताफ ओरडला. आम्ही सगळ्यांनी कंपनीला पोटभर शिव्या घातल्या. दुसऱ्या दिवशी बघतो तर नागेशच्या हिरोच्या डोक्यावर लाल टोपी.

"दिसती भारी की रे," म्हणाला. आठवडाभर त्याच्याशी कुणी बोललं नाही.

*

हाच नागेश सोलापुरातच, जुळे सोलापूर भागात नवीन फ्लॅटमध्ये राहायला गेला. तिसरा भाग आलाच तर अल्ताफच्या घरच्या जुन्या गेमच्या मशीनमधला खेळ तिथूनच पुढे चालू होणार, म्हणून ते आपल्याकडे आणून त्याने जिवापाड जपलंय. फ्रीज आणि कपाटं अल्ताफच्या टेम्पोतून गेली. मशीन मात्र रिक्षात, नागेशच्या मांडीवर!

बायको वैतागली. "हे डबडं एकदाचं भंगारात द्या."

"अगं, त्यात लिया आहे!"

"कोण लिया?" हे तिने इतक्या जोरात विचारलं की समोरच्या फ्लॅटचं दार उघडलं.

*

मग विन्याला पुण्यात नोकरी लागली. कुठं? त्याच कंपनीच्या कस्टमर केअरमध्ये! आम्हाला वाटलं, आता आतली बातमी मिळणार. शेंगा चटणीचे डबे बांधून दिले त्याला.

अल्ताफने लगेच डिक्शनरी घेऊन एक जळजळीत ईमेल पाठवला. उत्तर आलं, 'प्रिय अल्ताफ, आपल्या भावना आमच्यासाठी मौल्यवान आहेत. आपला विनायक, प्लेयर हॅपिनेस टीम.'

अल्ताफने त्याला फोन लावला. "तुझ्या लग्नात मी पंगतीत जिलेबी वाढली रे! आन मला टीम म्हणून सही करतूस व्हय?"

"टेम्प्लेट आहे, भाई. एक अक्षर बदलता येत नाही," विन्या रडकुंडीला आला होता.

*

त्यानंतर कंपनीच्या एका बड्या साहेबाने मुलाखतीत सांगून टाकलं की गोष्ट पूर्णच आहे, पुढचं प्रत्येकाने आपापल्या मनात रंगवावं. माझं डोकंच सणकलं. अरे, रंगवायचं आम्हीच तर तुम्हाला कशाला विचारलं?

अल्ताफ म्हणाला, "आमच्या अम्मीनं एका बाहीचा शर्ट शिवून दिला आन दुसरी बाही मनात रंगवा म्हणली, तर चालंल का?"

आम्ही हसलो. शेजारी बटणं लावत बसलेली खाला हसली नाही. मी निघताना दारापर्यंत आली आणि हळूच म्हणाली, "मैंच बोली थी ना उसकू छोडनेकू." तेव्हा मला त्या साहेबाचा जितका राग आला, तितका टोप्यांचाही आला नव्हता. तिच्या तोंडून निर्णय वदवून घेतला आणि तिला तिथंच टांगून ठेवलं लेकाच्यांनी!

*

परवाच्या ईदला विन्या सोलापुरात होता. आम्ही सगळे अल्ताफकडे जमलो. खालाने पहिली वाटी विन्याच्या हातात दिली, शीरखुर्म्यावर बदाम जास्तीचे. मग समोर बसली.

"विनायक, तू उधरिच काम करता ना? वो छोकरी कब निकलेगी?"

विन्याने आमच्याकडे बघितलं. आम्ही तिघांनी वाटीत तोंड घातलं. सवयीने त्याच्या तोंडातून तेच निघालं, "खाला, आपकी भावनाएं हमारे लिए बहुत..."

खालाने हात पुढे केला आणि त्याच्या हातातली वाटी काढून घेतली.

"भावना नक्को, बेटा. छोकरीकू निकाल."