नसलेल्या देशाचा नकाशा

चंद्रपूरच्या बसस्थानकात सिरोंच्याची गाडी लागली तेव्हा माझ्या पिशवीत दोन जाड इंग्रजी कादंबऱ्या होत्या आणि डोक्यात राग होता. राग तसा किरकोळ. निघताना घरमालकांनी पिशवीत डोकावून, शिकवणाऱ्या बाईनं अजून राक्षस-चेटकिणीच वाचायच्या का, असं हसत विचारलं होतं आणि मला वेळेवर उत्तर सुचलं नव्हतं. संध्याकाळपर्यंत जे व्हायचं होतं त्याच्यापुढे हे काहीच नव्हतं.

नव्वदचं दशक सरत आलं होतं. माझी कॉलेजातली मैत्रीण शालिनी एटापल्लीच्या दवाखान्यात परिचारिका होती. दर दिवाळीच्या सुट्टीत मी तिच्याकडे जायची. ती ड्यूटीवरून आली, हातपाय धुऊन बसली, की मी एखादी कादंबरी उघडायची आणि इंग्रजीतलं वाचत वाचत मराठीत सांगत जायची. दोघींनाही कधी न घडलेल्या जगांच्या गोष्टींचं वेड. सुट्टीत एकच कादंबरी पुरी व्हायची, त्यामुळे कोणती घ्यायची यावरून आमच्यात दरवर्षी भांडण. यंदा नागपूरच्या फुटपाथवरून मी दोन उचलल्या होत्या. निवड गाडीत करू म्हटलं.

पहिलीत एक जुनं राज्य होतं आणि एका नावाड्याची मुलगी, जिला नदीचं बोलणं ऐकू येतं. पहिलं पान उघडलं की त्या राज्याचा दुपानी नकाशा. डोंगर, अरण्य, समुद्राकडे वळत गेलेली नदी. दुसरी कादंबरी वाफेवर चालणाऱ्या एका शहराची. कोळसा जाळत आकाशातून जाणारी जहाजं, पितळेचे पक्षी, गल्लीगल्लीत धूर. या प्रकाराला स्टीमपंक म्हणतात. मुखपृष्ठावरचा धूर असा काढला होता की जणू मोगऱ्याचा गजरा. मी घुग्घुसची. माझे वडील सिमेंटच्या कारखान्यात पाळीवर जायचे. आई दोरीवरचं धुणं काढायची तेव्हा पांढऱ्या साडीवर काळी बोटं उठायची. कोळशाच्या धुरात ज्याला सौंदर्य दिसतं त्यानं घुग्घुसला एक धोतर वाळत घालून बघावं, असं पुटपुटत मी ते पुस्तक पिशवीत ढकललं आणि नकाशाचं मांडीवर घेतलं.

बल्लारपूर गेलं, गोंडपिपरी गेलं. दोन्ही अंगांना कापणीला आलेला धान. आष्टीला गाडी थांबली तेव्हा चहा आणि आलूबोंडा खाल्ला. बोंड्यात मीठ नव्हतं. शेजारच्या जागेवर पन्नाशीचा एक माणूस येऊन बसला, जाळ्याच्या निळ्या नायलॉन दोऱ्याचं गाठोडं पायांत घेऊन. नाव समय्या. सिरोंच्याजवळ गोदावरीत मासेमारी करायचा. माझ्या बोंड्याकडे बघून त्यानं आपल्या पुडीतली वाळवलेली चेपलु (तेलुगूत मासळी) पुढे केली. ती खारट आणि झणझणीत होती. मी दोनदा घेतली.

आष्टी सोडल्यावर गाडी जंगलात शिरली. सागाची पानं अजून हिरवी, रस्त्यावर उन्हाचे तुकडे. समय्या बराच वेळ माझ्या मांडीवरच्या नकाशाकडे बघत होता. मग त्यानं नदीवर बोट ठेवलं.

"हा एरु (नदी) कुठला, बाई?"

मी सांगितलं, कुठलाच नाही. लिहिणाऱ्यानं मनानं काढलाय.

"नसलेल्या गावाचा नकाशा काऊन काढते माणूस?"

मी म्हटलं, म्हणजे आपल्याला तिथं जाता यावं. तो हसला. मग म्हणाला, सांगा मग, जाऊ. मी त्याला नावाड्याच्या मुलीची गोष्ट सांगू लागले. तिचा बाप पुरात जातो. ती काठावर बसून नदीला शिव्या देते, आणि नदी तिला उत्तर देते. समय्यानं पुस्तक माझ्याकडून घेतलं, नकाशा उघडला आणि मुलगी आता कुठल्या वळणावर आहे ते विचारत तो बोट पुढे पुढे सरकवत राहिला.

तेवढ्यात नाका आला. नाव सांगत नाही, असे नाके त्या रस्त्यावर तेव्हा बरेच होते. सगळ्यांना खाली उतरवलं, सामान उघडायला लावलं. नक्षलवाद्यांच्या भीतीनं असं नेहमीच व्हायचं, त्याबद्दल माझी तक्रार नव्हती. पण एका शिपायानं समय्याच्या हातातलं उघडं पुस्तक पाहिलं आणि त्याच्या दंडाला धरून त्याला बाजूला घेतलं.

पुस्तक माझं आहे, असं मी लगेच सांगितलं. शिपायानं माझ्याकडे पाहिलं. साडी, चष्मा, शाळेच्या बाईचा आवाज. मॅडम, तुम्ही गाडीत बसा, म्हणाला. मी बसले नाही. ते समय्याला टेबलाशी घेऊन गेले तशी मीही मागोमाग गेले.

टेबलामागे एक तरुण अधिकारी होता. शिकलेला, बोलायला मऊ. त्यानं नकाशा उलटासुलटा धरला. डोंगरांची, गावांची इंग्रजी नावं एकेक वाचली.

"हा भाग कुठला?"

"कुठलाच नाही. ही गोष्ट आहे," मी म्हणाले.

"मग नकाशा कशाला?"

थोड्या वेळापूर्वी समय्यानं हेच विचारलं होतं, पण त्यानं उत्तर ऐकून घेतलं होतं. साहेबांनी माझं उत्तर ऐकलं नाही. ही नावं सांकेतिक आहेत का, अरण्यात ही खूण कसली, असं ते समय्यालाच विचारत राहिले. ज्या माणसाला इंग्रजीचं अक्षर वाचता येत नाही त्याला. तो उकिडवा बसला होता. त्याच्या निळ्या दोऱ्याची गुंडाळी सोडून जमिनीवर पसरली होती, आत काही दडवलंय का बघायला.

मग माझा तोल गेला. मी टेबलावर हात आपटला. म्हणाले, पुस्तक मी आणलं, वाचलं मी, मग प्रश्न याला का? माझी पिशवीसुद्धा तुम्ही नीट पाहिली नाही, ती का? साहेब शांतपणे म्हणाले, तुम्ही सुशिक्षित आहात. या उत्तरानं माझ्या अंगाची आग झाली. मी वरिष्ठांची नावं विचारली, वर्तमानपत्रात लिहीन म्हणाले, आवाज इतका चढला की गाडीतली माणसं खिडक्यांतून बघू लागली. ड्रायव्हरनं हॉर्न दिला, परत दिला, आणि शेवटी गाडी आम्हा दोघांना सोडून निघून गेली. माझी पिशवी तेवढी कंडक्टरनं रस्त्याकडेला ठेवली होती.

दुपार तिथंच गेली. साहेब आत जाऊन फोनवर बोलून आले. मग त्यांनी पुस्तकावर लोखंडी पट्टी ठेवली, नकाशाची दोन्ही पानं सफाईनं फाडून काढली आणि उरलेलं पुस्तक माझ्याकडे दिलं. समय्याला म्हणाले, जा.

तो दोरा गुंडाळत रस्त्याकडेला बसला. मी दुसरं टोक धरून मदत करू लागले. मला वाटलं, तो काहीतरी चांगलं बोलेल.

"बाई," तो गुंडाळता गुंडाळता म्हणाला, "तुमी गप राह्यल्या असत्या तर मले लवकर सोडलं असतं. आमाले रोजचं हाय हे. साहेबाले तुमच्यासमोर माघार घेता आली नाई."

त्याच्या बोलण्यात रुसवा नव्हता. जाळं कुठं अडकलं ते सांगावं तसं सांगितलं. तो म्हणाला त्यात तथ्य असेल. पण मी गप्प राहायला हवं होतं हे मला तेव्हा पटलं नाही, आजही पटत नाही. फक्त माझ्या ओरडण्याची किंमत त्याला दुपारभर उकिडवं बसून मोजावी लागली, हे खरं होतं. याचा राग कुणावर काढायचा ते मला कळेना.

पुढची गाडी येईपर्यंत त्यानंच विचारलं, त्या पोरीचं पुढं काय झालं. मी सांगत राहिले. आलापल्लीला मला एटापल्लीची गाडी धरायची होती, तो सिरोंच्याकडे जाणार होता. गोष्ट अर्धीच झाली होती. बाकीची घरी पोरांना मनानं सांगीन, म्हणाला.

एटापल्लीला पोचले तर शालिनी रस्त्यावर येऊन उभी होती. घरी जाऊन अंबाडीची भाजी आणि भात पुढे आला. मी घास हातात धरून सगळं सांगितलं आणि निवडही जाहीर केली. आता हेच वाचायचं, फाडलेलं. त्या साहेबाच्या नाकावर टिच्चून.

दुसऱ्या दिवशी वाचन सुरू झालं. शालिनीची शेजारीण जानकीबाई शेंगा सोलत ऐकायला बसली. ती गोंड, दवाखान्यातच काम करायची. नावाड्याची मुलगी सगळ्यांना आवडली. मग ती अरण्यात शिरली. तिथं लिहिणाऱ्यानं माणसं घातली होती. त्यांना नावं नव्हती, बोली नव्हती. झाडाआडून चमकणारे डोळे, काळी अंगं, गुरगुरणं. राजाचे शिपाई त्यांना गवतासारखे कापत पुढे जात होते, आणि लेखकाला हे फार शूरपणाचं वाटत होतं. मी सांगत होते. जानकीबाईच्या सुपात शेंगा पडत होत्या. एका वाक्याच्या मध्येच मी थांबले.

"थांबली काऊन?" शालिनीनं विचारलं.

म्हटलं, हे मला सांगवत नाही. नाक्यावरच्या माणसाला एका कोळ्याकडे बघून जे दिसलं, तेच या लेखकाला अरण्याकडे बघून दिसलंय. आणि त्या दिवशी मी या पुस्तकासाठी भांडत होते! मी ते चुलीत घालायला उठले. शालिनीनं ते माझ्या हातातून काढून घेतलं.

"जाळू नको. त्या नावाड्याच्या पोरीचं काय चुकलं?" ती म्हणाली. "तुले राग आला तर आला. दुसरी काढ."

मग आम्ही धुराची काढली. मला ती मुळीच वाचायची नव्हती. पहिल्याच प्रकरणात उडत्या जहाजातून उमराव शहर बघत होते आणि धूर रुपेरी होता. मी सांगता सांगता त्यात एक दोरी बांधली, तिच्यावर कारखान्यातल्या बाईची साडी वाळत घातली आणि काळी केली. शालिनीच्या ते लक्षात आलं. पुढं जिथं जिथं लेखक बॉयलरखान्याच्या दारावरून नुसता निघून गेला, तिथं तिथं मी आत शिरले. कोळसा फेकणाऱ्यांना नावं दिली. जानकीबाईनं एकाला घर दिलं, लग्न लावलं. शालिनीनं त्याच्या छातीतल्या खोकल्याचं इतक्या बारकाईनं वर्णन केलं की मला पुस्तक मिटून बसावं लागलं. आम्ही ती कादंबरी जितकी वाचली तितकीच तिच्याशी भांडलो. माझ्या आयुष्यातलं ते सगळ्यात चांगलं वाचन.

परतीला मी सकाळची गाडी घेतली. वाटभर मनात वाक्यं जुळवत होते. साहेबांना काय विचारायचं, कुठल्या शब्दात, आवाज किती ठेवायचा. बाजूला समय्यासारखं कुणी नव्हतं, त्यामुळे माझ्या बोलण्याची शिक्षा दुसऱ्याला होणार नव्हती. आज मनसोक्त बोलता येणार होतं. नाका दिसला तशी मी पदर खोचून सरळ बसले.

गाडी थांबलीच नाही. आडव्या बांबूपाशी कुणी नवाच शिपाई होता. त्यानं जांभई दिली, बांबू वर केला आणि हातानं जा म्हटलं. टेबल होतं, खुर्ची रिकामी होती. मागच्या बाकावरची झोपलेली माणसं उठलीसुद्धा नाहीत. मी वळून, काचेवर कपाळ टेकवून बघत राहिले. माझी सगळी वाक्यं तोंडात तशीच होती, आणि मागे रस्त्यावर नुसता धुरळा उडत होता.