फुलपात्रभर पाणी

दुपारची जेवणं उरकली की शशिकलाबाई पडवीतल्या खुर्चीत पाठ टेकतात. आजही टेकली आहे. हातात पाण्याने भरलेलं फुलपात्र आहे, कारण डोळा लागण्याआधी ऑर्किडला पाणी घालायचं आहे. सकाळी घातलं होतं, पण ऊन मरणाचं आहे, आणि मुकं झाड तहान बोलून थोडंच दाखवणार? आत सून मुक्ता भांडी आवरते आहे. भांड्यांचा आवाज हळूहळू लांब जातो. फुलपात्र मांडीवर कलतं, पण सांडत नाही.

या पडवीत एके काळी ओळीने कुंड्या टांगलेल्या होत्या. शशिकलाबाईंच्या यजमानांच्या, मधुसूदन तोडणकरांच्या. अख्खी रत्नागिरी आंब्याची कलमं लावते, तर बंदर खात्यातून निवृत्त झालेल्या या माणसाने कोळशाच्या आणि नारळाच्या सोडणाच्या तुकड्यांत फुलं लावायचा नाद धरला. शिमग्यात ते गेले, आणि त्यांच्या मागोमाग एकेक कुंडी गेली. आता एकच उरली आहे, जांभळ्या फुलांचं हे ऑर्किड, डेंड्रोबियम. कोळशात कुठे झाड जगतं, म्हणून बाईंनी गणपतीनंतर ती कुंडी लाल मातीने आणि शेणखताने गच्च भरली, तुळशीला भरतात तशी. तरी पानं पिवळी होऊन गळताहेत. हेही गेलं तर यजमानांच्या हातचं जिवंत असं काहीच उरणार नाही, हा एकच विचार त्यांच्या मनात येत राहतो. मग त्या उठतात आणि आणखी पाणी घालतात.

"घातलंस पाणी?"

पायरीवर ते बसले आहेत. दोन्ही पाय निळ्या बादलीत.

"अहो, तुम्ही? आणि बादलीत पाय कशाला?"

"सुजलेत गो."

बादली ओळखीची आहे. आठवड्यातून दोनदा ते तिच्यात कुंड्या बुडवायचे, निथळवायचे आणि पुन्हा टांगायचे. पुढे किडन्या निकामी झाल्या. डॉक्टरांनी त्यांचं पाणी बांधून दिलं, आणि ते मोजून द्यायची पाळी बाईंवर आली. एका सकाळी त्यांनी पाहिलं, कुंडी बाजूला ठेवून नवरा बादलीलाच तोंड लावून पितो आहे. त्यांनी बादली हिसकावून अंगणात ओतली आणि पडवीच्या दाराला कडी घातली. त्यानंतर स्वतःची झाडं त्या माणसाने खिडकीतूनच बघितली.

"चल, वेळ झाली," ते म्हणतात.

बाई खुर्चीच्या हाताला धरून उठायला जातात, तर हाताला पलंगाचा गार कठडा लागतो. डायलिसिसच्या खोलीत सगळे पलंग ओळीने मांडले आहेत आणि प्रत्येकावर एक कुंडी निजवली आहे. नळ्या लावलेल्या आहेत, यंत्रं गुरगुरताहेत. फरशीवर घोटाभर पाणी आहे. शेवटच्या पलंगावर मधुसूदनराव आहेत, आणि त्यांच्या उशाशी लाल माती सांडली आहे.

"ही माती कुणी घातली?"

"मी. कोळशात उघडंबोडकं वाटत होतं हो झाड."

ते हसतात. तेच हसणं, एका बाजूने. "अति तिथं माती म्हणतात, शशी. तू तर मातीपासूनच सुरुवात केलीस. अगो, या मुळांना वारा लागतो. पाणी प्यायचं, निथळायचं, सुकायचं, मग पुन्हा प्यायचं. सुकलीच नाहीत तर गुदमरतात. बघ हवं तर."

ते सदऱ्याची बाही वर करतात. जिथे सुया टोचायचे, तिथून मुळं लोंबताहेत. बाई किंचाळत नाहीत. स्वप्नात त्यांना त्याचं नवल वाटत नाही, नुसतं रडू येतं.

"दाबून बघ. टणक लागतील ती ठेव. मऊ झाली ती काप."

त्या दाबून बघतात. तपकिरी मुळाची साल बोटांत निघून येते आणि आत नुसता दोरा उरतो. कात्री कुठून आली कोण जाणे. त्या कापत जातात. खूप कापावं लागतं. एकच मूळ टणक लागतं, पांढरं, टोकाला हिरवं.

"दुखतंय का हो?"

"आता कुठलं दुखायला."

"तहान?"

तेवढ्यासाठीच तर त्या आल्या आहेत. त्या फुलपात्र पुढे करतात. जाताना यजमानांच्या तोंडात नळी होती, गंगेचा थेंबसुद्धा घालता आला नाही. आज काठोकाठ भरलं आहे. "प्या ना. आता कोण अडवतंय?"

ते फुलपात्र घेतात, बघतात आणि फरशीवरच्या पाण्यात ओतून टाकतात.

"होती ना तहान. फार होती. तुझा रागही येत होता," ते म्हणतात. "दिलं असतंस तर आधीच गेलो असतो. दिलं नाहीस, तर तहानेला गेलो. आता दुसरं काय सांगू?"

तहान नव्हती म्हणाले असते तर काय बिघडलं असतं, असं बाईंना वाटतं. पण खोटं बोलायची या माणसाला जिवंतपणीही सवय नव्हती.

ते खिशातून पुरचुंडी काढून फुलपात्रात दालचिनीची पूड ओततात. कापल्या जागी ते हीच लावायचे, बुरशी धरू नये म्हणून. "झाडांना मसाला आणि मला अळणी," असं म्हणून घरातली दालचिनी संपवायचे. आता बोटाने पूड लावून घेत ते उठतात. खोलीचं दार मांडवीच्या किनाऱ्यावर उघडतं. ओहोटी इतकी लागली आहे की समुद्र दिसतच नाही, लांबवर नुसती कोरडी वाळू. ते तिच्यावरून चालू लागतात.

"अहो, पाणी तरी..."

ते मागे वळत नाहीत.

बाईंना जाग येते. ऊन पायापर्यंत आलं आहे. झाड मातीत तसंच आहे, पिवळं. मांडीवर फुलपात्र आडवं पडलं आहे. लुगडं कोरडं, खुर्ची कोरडी, फरशी कोरडी. फुलपात्रही कोरडं ठक्क आहे आणि त्याच्या तळाला तपकिरी पूड चिकटली आहे. त्या बोट फिरवून वास घेतात. ते गेल्यापासून या घरात दालचिनी आणलेली नाही.

त्या खाली बसतात, कुंडी आडवी करतात आणि चिंब माती हाताने ओरबाडून काढू लागतात. आंबूस वास सुटतो. मुळं दाबून बघतात. एक मऊ, दुसरं मऊ. खूप आत एक टणक लागतं.

मुक्ता दारात येते. सासूचे बरबटलेले हात आणि उघडं पडलेलं झाड बघून ती बावरते. "अहो आई, किती कोमेजलंय ते! थांबा, पाणी आणते."

शशिकलाबाई ते टणक मूळ धरूनच वर बघतात. ओठांवर आलेलं त्यांना आयुष्यात पुन्हा म्हणायचं नव्हतं.

"नको," त्या म्हणतात. "कात्री आण. पाणी द्यायचं नाही त्याला."