लांब ठेवलेलं ताट

बहात्तरच्या दुष्काळात मी नगरच्या एका इस्पितळात नर्सिंग शिकत होते. माझ्या वॉर्डात पारनेरकडची एक म्हातारी न्यूमोनियातून उठली होती. ताप गेला, पण तिचं ताट दोन्ही वेळा जसंच्या तसं परत यायचं. पोटात अन्नच जात नसेल तर रविवारी मुलाने घरी न्यावं, असं डॉक्टरांनी सांगून ठेवलं होतं. घरी नेणं म्हणजे काय, ते वॉर्डात सगळ्यांना कळत होतं.

ती का जेवत नाही ते मला ठाऊक होतं, निदान मी तसं धरून चालले होते. पहिल्याच दिवशी मी पाण्याचा पेला पुढे केला, तर तिने हात झटकन पदराखाली ओढून घेतला. माझ्या गळ्यात क्रूस. आम्ही ख्रिस्ती, गावात विटाळ नको म्हणून माझ्या आईच्या ओंजळीत पाणी वरूनच पडायचं, ते बघत मी मोठी झालेली. ताट हातभर लांब स्टुलावर ठेवायचं, वळायचं आणि वहीत लिहायचं: जेवण नाकारलं. राग पोटात ठेवता येतो याचा तेव्हा मला मोठा अभिमान होता.

शुक्रवारी आमच्या ट्यूटर सिस्टरांनी आम्हा मुलींना दुपारपुरतं म्हातारं केलं. पुस्तकात असलं काही नव्हतं, त्यांच्याच डोक्यातून निघालेलं. कानात कापूस, व्हॅसलीन फासलेले चष्मे, बोटं पट्टीने एकत्र बांधलेली. बुटात घालायला त्यांनी ज्वारी मागितली, तर स्वयंपाकीणबाईंनी डबाच उचलून आत नेला. धान्यावर मी पाय ठेवू देणार नाही, आणि या वर्षी तर नाहीच, म्हणाल्या. शेवटी चिंचोक्यांवर भागवलं. आम्ही खिदळत व्हरांडाभर लंगडलो.

मग ताटं आली. रेशनच्या लाल मिलोची, म्हणजे परदेशी ज्वारीची भाकरी आणि आमटी. भाकरी काही केल्या मोडेना. मनगटांनी दाबली तर ताटाबाहेर उडाली, आमटी एप्रनवर सांडली. समोरची मुलगी बघत होती. मला इतकी लाज वाटली की मी दोन्ही हात एप्रनखाली लपवले आणि भूक नाही म्हणून सांगितलं.

सांगितलं, आणि म्हातारीचा पदर आठवला.

संध्याकाळी ताट घेऊन मी तिच्या खाटेवरच बसले. पदर बाजूला केला. बोटं आखडून मुठीत वळलेली होती. चार दिवस तिला जेवण देत होते आणि तिचे हात मी पाहिले नव्हते. भाकरी दुधात कुस्करली, काला केला, घास पुढे धरला. तिने तोंड फिरवलं तर काय, ही धाकधूक होतीच. तिने तोंड उघडलं.

अर्धं ताट संपल्यावर मी विचारलं, "आजी, आधी का नाही सांगितलं?"

"तू ताट लांब ठिवायचीस," ती म्हणाली. "मला वाटलं, पोरीला म्हातारीची किळस येती. मग काय सांगायचं?"

रविवारी मुलगा आला तो एकटाच परत गेला. वहीतल्या त्या चार दिवसांच्या ओळी मला खोडायच्या होत्या. सिस्टरांनी खोडू दिल्या नाहीत.