अंगठ्याएवढी बाटली

पहिली चूक माझीच. मीटिंगला बोलावलं म्हणून घाईघाईत पांढरा कोट चढवला, तो उलटा. शिवणी बाहेर, खिसे आत. पेन खिशात ठेवायला गेलो, ते जमिनीवर पडलं. सगळे हसले. मीही हसलो. एकोणीस वर्षं प्रयोगशाळेत काढून कोट घालता येत नाही म्हटल्यावर हसणारच की लोक.

मग सरांनी माझ्या प्रयोगाची फिल्म उजेडासमोर धरली. अख्खी काळीकुट्ट.

"अशा लोकांच्या हातात अँटीबॉडी दिली की हे होतं," सर म्हणाले. "आजपासून याने बाटलीला हात लावायचा नाही."

अशा लोकांच्या. हात लावायचा नाही.

आमच्या घराला हे वाक्य नवीन नाही. आजोबांनी ते पाणवठ्यावर ऐकलं, बापाने लग्नाच्या पंगतीत. मी आपला येडा. मला वाटायचं, ताथवड्याच्या काचेच्या इमारतीत ते लिफ्टने वर येत नसेल.

अँटीबॉडीची ती बाटली अंगठ्याएवढी. स्तनाच्या कॅन्सरच्या पेशींत इस्ट्रोजेन या हार्मोनचा निरोप स्वीकारणारं एक प्रथिन असतं, त्याला रिसेप्टर म्हणतात. निरोप मिळाला की त्याला फॉस्फेट चिकटतं. फॉस्फेट चिकटलेला तो रिसेप्टरच तेवढा या अँटीबॉडीने पकडायचा. फिल्मवर एकच रेघ उमटायला हवी. अँटीबॉडी भलतीकडे चिकटू नये म्हणून नमुन्याची पट्टी आधी दुधाच्या पावडरीत भिजवायची पद्धत आहे. पण दुधाच्या प्रथिनातही फॉस्फेट असतं; ही अँटीबॉडी त्यालाही चिकटते आणि अख्खी फिल्म काळी होते. म्हणून या बाटलीसोबतच्या कागदावर स्पष्ट छापलं होतं, दूध नको, बीएसए नावाची पावडर वापरा.

तो कागद मी डबा खाताना वाचला होता. सोमवारी सरांना दाखवलाही होता.

"तू दूध ढवळ. वाचायला आम्ही आहोत," असं म्हणाले होते.

मी ढवळलं. ही माझी दुसरी चूक. हिच्यावर मला हसू येत नाही.

प्रयोगाच्या वहीत 'दूध' हा शब्द सरांच्याच अक्षरात होता. शेजारी बसलेल्या ज्युनिअर मॅडमना ते माहीत होतं. त्या मोबाइलमध्ये बघत राहिल्या.

सरांनी टाइप केलेला कागद पुढे सरकवला. माझ्या निष्काळजीपणामुळे प्रयोग वाया गेला, मी माफी मागतो. खाली माझं नाव.

"सही कर. नोकरी राहील."

पेन अजून जमिनीवरच होतं. वाकून उचललं. कागद सरांकडे परत सरकवला.

"सही करणार नाही. दोन पट्ट्या करू. एक तुमच्या दुधात, एक बीएसएत. सगळ्यांसमोर. माझ्या हातानं."

"तू मला शिकवणार?"

"व्हय," मी म्हणालो.

इतकी वर्षं ऑफिसात जपून 'हो' म्हणत आलो होतो. त्या दिवशी घरचा शब्द बाहेर पडला. मी तो परत घेतला नाही. वही ओढली आणि सरांच्या 'दूध'खाली लिहिलं, 'कागद सोमवारी दाखवला होता.' खाली पूर्ण नाव, आडनावासकट.

"उद्या बघतो तुला," सर म्हणाले.

पुनावळ्याला घरी आलो. बायको चाकणच्या कंपनीतून पहिली शिफ्ट करून आली होती, बादलीत पाय सोडून बसली होती. सगळं सांगितलं. वाटलं, नोकरीचं विचारेल.

तिने माझ्या हातातला कोट घेतला, बाह्या ओढून सुलटा केला.

"उद्या नीट घालून जा," ती म्हणाली. "आणि गेल्या गेल्या आधी त्या बाटलीला हात लावा. समद्यांच्या देखत."