अस्तर

धाकट्या बहिणीला मी आयुष्यात सगळ्यात जास्त कशावरून चिडवलं असेल, तर ते अस्तरावरून. ती घरी ब्लाउज शिवायची. कुणी कितीही भारी कापड आणलं तरी हिची पहिली चौकशी अस्तराची. अस्तराचं सुती कापड ती आधी पाण्यात भिजवून, वाळवून मगच कापायची. नाहीतर पहिल्या धुण्यात ते आटतं आणि वरचं रेशीम सुरकुतून बसतं. दुष्काळाच्या वर्षांत आम्ही भांडी विसळलेलं पाणीसुद्धा बादलीत धरून ठेवत होतो, आणि ही लोकांची अस्तरं भिजवत बसायची. जे कुणाला दिसत नाही त्याला कसल्या आंघोळी घालतेस, असं मी म्हणायचे. तिचं उत्तर ठरलेलं होतं.

"वरचं कापड कितीबी भारी असू दे ताई, अस्तर गेलं की ब्लाउज गेला."

आमचं घर चिकलठाण्याच्या पुढं, जिथं पूर्वी ज्वारी उभी असायची तिथल्या प्लॉटवर. वडील तिथल्याच एका कारखान्यात होते; ते गेल्यावर घरात आई, धाकटी आणि मी. मी शाळेत शिकवायला जायचे. शहर आमच्याकडे चालत आलं, पाणी मात्र वाटेत कुठंतरी थांबलं. दिवसभर मुरमाच्या गाड्या, सिमेंट, खडीचे ढीग. खिडकी उघडली की भाकरीवर धूळ, बंद केली की पत्र्याखाली उकडून जीव जायचा. नळ आठवड्यातून एखाद्या दिवशी यायचा, एरवी टँकर. त्या पाण्याला वास यायचा. उकळून प्यायलं तरी आमची पोटं बिघडायची, आणि धाकटीचं सगळ्यात जास्त. कोपऱ्यावरचा डॉक्टर प्रत्येक वेळी त्याच जंतू मारणाऱ्या जहाल कॅप्सुली द्यायचा. जुलाब थांबायचे, ती उठून मशीनवर बसायची, आणि पुढच्या टँकरला पुन्हा तेच.

अशा दोनतीन उन्हाळ्यांनंतर तिची छाती वाजायला लागली. आधी शिंका, मग खोकला, मग दम. दमा आमच्या घराण्यात कुणालाच नव्हता. आईनं मात्र क्षणभरही विचार केला नाही. समदे रोग पोटातनं निघतात, हे तिचं शास्त्र. पोट साफ तर छाती साफ. तिनं एरंडेल आणलं.

आता जुलाब द्यायचा म्हणजे संडासाला पाणी हवं, आणि पाणी फक्त नळाच्या दिवशी. त्यामुळं आमच्याकडं नळाला पाणी आणि धाकटीला एरंडेल एकाच दिवशी यायचं. सकाळी आई चहात ते दाट तेल ओतून समोर उभी राहायची, कप रिकामा होईपर्यंत. वर पथ्य. ताकानं कफ होतो, केळ्यानं कफ होतो, डाळ वातूळ, भाकरी जड. राहिली तांदळाची पेज. भाकरीवर वाढलेली पोरगी पेजेवर आली आणि तिची गालफडं बसली. मी आईशी किती भांडले त्याला हिशेब नाही. रोगापेक्षा औषध जालीम, असं मी तिच्या तोंडावर म्हटलं, तर तिनं आठवडाभर माझ्याशी बोलणं टाकलं. धाकटी मात्र निमूट प्यायची. आईच्या हातचं आहे, मारेल थोडंच, म्हणायची.

धाकटीनं एक गोष्ट ओळखली होती. पोट बिघडलं की मागोमाग छाती धरते. धूळ रोजच असायची, पण दम रोज नसायचा. जुलाब होऊन गेले की तीच धूळ तिला सोसत नसे. छातीच्या डॉक्टरांना तिनं हे सांगितलं, तर ते हसले. पोटाचं पोटाच्या डॉक्टरला सांगा, म्हणाले, आणि पंप लिहून दिला. पंपानं त्या वेळेपुरता श्वास मोकळा व्हायचा. आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी, असं ते सगळं चाललं होतं, आणि आग कुठं आहे हे आम्हा तिघींपैकी कुणालाच धड कळत नव्हतं.

शेवटी सरकारी दवाखान्यात एक तरुण डॉक्टरीणबाई भेटली. तिनं छाती तपासली आणि आम्ही काही सांगायच्या आधीच विचारलं, "पोट कसं असतं?"

आईनं माझ्याकडं असं काही पाहिलं की विचारू नका. चेहऱ्यावर पोर पहिली आल्याचा आनंद. "म्या पैल्यापासून सांगत व्हते," ती म्हणाली, "रोग पोटातला हाय."

बाई म्हणाली, आजी, तुमचं अगदीच चूक नाही. मग तिनं सावकाश समजावलं. आतड्याला आतून एक पातळ थर असतो. अन्नातलं काय अंगात घ्यायचं आणि काय बाहेरच ठेवायचं, हे तो ठरवतो. आत लाखो जंतू राहतात, ते आपलेच असतात. भाकरी, डाळ, भाजीचा चोथा खाऊन ते जे तयार करतात, त्यानं हा थर धड राहतो आणि अंगातले पहारेकरी शांत राहतात. तो थर झिजला की नको ते आत शिरतं आणि पहारेकरी बिथरतात. ते एका जागी बसत नाहीत, रक्तातून फुप्फुसातही जातात. मग साधी धूळ आली तरी त्यांना दरोडा पडल्यासारखं वाटतं, आणि श्वासाच्या नळ्या सुजतात. सगळाच दमा असा नसतो, आणि यातलं अजून सगळं उलगडलेलं नाही, हेही तिनं सांगितलं.

"म्हंजे अस्तर," धाकटी म्हणाली.

"अस्तरच," बाई हसली. मग विचारलं, "जुलाबाचं काही घेता का? तेल, चूर्ण?"

आईचा हात मांडीवरच्या पिशवीवर घट्ट झाला. तिचा चेहरा उतरताना मी पाहिला. इतकी वर्षं जे मला ऐकायचं होतं ते आता ऐकायला मिळणार होतं, आणि मला ते अजिबात नको झालं.

"घेते," धाकटी म्हणाली. "एरंडेल. नळाच्या दिवशी. माझ्या मनानंच घेते. आई नगं म्हणती."

टेबलाखाली तिनं माझ्या पायावर पाय ठेवला. मी तोंड मिटलं. एरंडेलामुळं आणि त्या कॅप्सुलींमुळं अस्तराला सावरायला कधी वेळच मिळाला नाही, असं बाई म्हणाली. बोलणी धाकटीनं खाल्ली, मान खाली घालून.

परतल्यावर घरी एरंडेलाची बाटली पुन्हा दिसली नाही. दुसऱ्या दिवशी चुलीवर भाकरी होती, पुढं ताकही आलं. आई ते तिच्यापुढं ठेवायची आणि पूर्वीसारखीच उभी राहायची, पण आता नजर जमिनीकडं. तो हिवाळा बरा गेला. धाकटीनं लग्नसराईचे ब्लाउज शिवले, एकदा तर गाणं गुणगुणली. मला वाटलं, सुटलो.

पण अस्तर सावरलं तरी वर्षानुवर्षं सुजलेल्या नळ्या तशाच सावरतील असं नाही, हे बाईनं तेव्हाच बजावलं होतं. उन्हाळ्यात आमच्यासमोरचा रस्ता रुंदीकरणाला घेतला. दारापुढं चर खणला आणि मुरूम टाकायला लागले. त्याच आठवड्यात टँकरच्या पाण्यानं तिचं पोट पुन्हा बिघडलं. भर दुपारी दम लागला. पंप मारला, पुन्हा मारला. रिक्षावाला चराच्या पलीकडंच थांबला, त्याला तरी कुठून येता येणार. मी आणि आईनं तिला धरून फळीवरून नेलं. मोठ्या रस्त्याला लागायच्या आत ती माझ्या खांद्यावर गेली. तिचे ओठ निळे झाले होते. तो निळा रंग मला अजून कुठल्याच कापडात बघवत नाही.

बायका भेटायला आल्या. धुळीनं नेलं पोरीला, रस्त्यानं नेलं, असं बोलणं चाललं होतं. मशीनवर एक अर्धा ब्लाउज तसाच पडला होता, शेजारणीचा. ती शेजारीण आईच्या अगदी जवळ बसली होती.

"धूळ नाय," आई म्हणाली. "अस्तर गेलं व्हतं. म्याच घासून घासून घालवलं."

शेजारणीनं मशीनकडं पाहिलं आणि आईच्या पाठीवरून हात फिरवला. "असू द्या मावशी," ती म्हणाली, "अस्तराचं काय एवढं. दुसरं मिळतं."