रविवारची स्वस्त मासोळी

ऑफिसातली तीन माणसं दर रविवारी एका कढईभोवती बसली, की मासोळी संपते आणि किस्से उरतात. आमच्याकडे ते इतके उरलेत की सुनंदा, म्हणजे माझी बायको, म्हणते, "आता किश्शांनीच पोट भरा!"

तीन माणसं म्हणजे मी, गुणवंता आणि मुरलीभाऊ. जमायचं सौंसरला, आमच्या किरायाच्या घरी. त्या दोघांच्या घरी मासोळी चालत नाही. आम्ही बौद्ध, आमच्याकडे चालते. त्यामुळे रविवारी आमच्या घराला फार मान असतो!

*

मासोळी आणायचं काम गुणवंताचं. बाजारातली सगळ्यात स्वस्त चिलापी शोधण्यात त्याचा हात कोणी धरू शकत नाही. एकदा त्यानं मासोळीवालीला तीनतीनदा विचारलं, "ताजी आहे ना बाई?"

ती म्हणाली, "या भावात ताजी पाहिजे असंन, तर पँट वर करा अन् नदीत उतरा!"

*

सुनंदाची रीत साधी. हळद-मीठ लावायचं, भाजलेला कांदा-खोबरं वाटायचं, चिंचेचा कोळ, आणि रस्सा सगळ्यांना पुरावा म्हणून थोडं बेसन. एका रविवारी मुरलीभाऊ मोबाइल घेऊन चुलीपाशी आले. "वहिनी, तुम्ही बसा. आज विदेशी पद्धत! फक्त ऑलिव्ह ऑइल लागते."

दुकानात किंमत ऐकून आम्ही बाटली अलगद परत ठेवली. मग गुणवंता म्हणाला, "एवढं महाग तेल, त्यात मासोळी टाकून खराब कायले करता?"

शेवटी सुनंदाच उठली.

*

मुरलीभाऊंची रामाकोन्याला संत्र्याची बाग आहे. जेवण झालं की ते खिशातून संत्र्याची साल काढून हात घासतात, मिशा घासतात, मगच घरी जातात. "घरी कोणाले पत्ता नाही!" अशी ऐट.

एकदा त्यांची बायको सुनंदाला बाजारात भेटली. म्हणाली, "ज्या दिवशी यायच्या मिशीले संत्र्याचा वास येते, त्या दिवशी मी यायच्या वाटचा सैपाकच नाही करत."

हे आम्ही मुरलीभाऊंना अजून सांगितलेलं नाही. साल घासताना ते फार खूश दिसतात.

*

मग आमच्या घरमालकानं दिवाळीच्या आत घर खाली करायला सांगितलं. पोरीची दहावी, शाळा जवळ पाहिजे. शाळेसमोरच मुरलीभाऊंचं घर, आणि वरची रूम रिकामी! मी जेवता जेवता विषय काढला.

मुरलीभाऊंनी आधी मासोळीचं डोकं नीट चोखलं. "माझं काही नाही, भाऊ. पण आई आहे ना! तिले मासोळीचा वासच सहन नाही होत. वहिनी, रस्सा आहे काय थोडा?"

सुनंदानं वाढला. मी मनात म्हटलं, किती वर्षं हा माणूस आमच्या घरी जेवतोय!

*

दोन-तीन रविवार असेच गेले, घर काही मिळेना. एका रविवारी मुरलीभाऊंच्या स्कूटरवर मागे चक्क त्यांची आई! मुरलीभाऊ माझ्या कानाशी पुटपुटले, "ऐकतच नाही. गाडीवर बसूनच गेली."

सुनंदानं म्हातारीला दारापाशी, वाऱ्याला बसवलं आणि वेगळा वरण-भात वाढला. म्हातारीनं आपलं ताट पाहिलं, मग मुलाचं पाहिलं.

"हे काय व पोरी? मासोळी संपली काय?"

"पण काकू, तुम्हाले वास सहन नाही होत ना?"

"कोण म्हणते? सून करत नाही, अन् हा एकटाच खाऊन येते! काटे तेवढे काढून दे माय, दात नाही राहिले."

सुनंदा तिच्याजवळ बसली. एकेक काटा काढत, सहज विचारावं तसं तिनं विचारलं, "काकू, तुमची वरची रूम खाली आहे काय?"

"आहे ना व! पाऊस लागला तवापासून खालीच पडून आहे. मी रोज मुरलीले म्हणतो, एखादी चांगली फॅमिली पाह्य. हा म्हणते, कोणी विचारूनच नाही राहिलं!"