घरात माणसां किती

आमच्या तोंडवलीत ‘घरात माणसां किती?’ असं विचारलं, तर राहणारी माणसं कुणी सांगत नाही. मुंबईची सांगतात, बोटीवरची सांगतात, पुण्यात फ्लॅट घेतलेल्या पुतण्याची बायको आणि तिच्या पोटातलं बाळसुद्धा सांगतात. देवळातल्या महाप्रसादासाठी दरवर्षी एक मामा दारोदार विचारत येतात, तेव्हा माझे सासरे पुढच्या अंगणात, खळ्यात बसल्या बसल्या मोठ्याने सांगतात, “सोळा!” आणि मामाही मान डोलावतात. सोळापैकी तेरा माणसं त्या क्षणी कुठे कुठे असतात. प्रत्यक्ष घरात तीन. सासरे, मी आणि माझी मुलगी. नवरा बोटीवर असतो, वर्षातले बरेच महिने त्याचा फोन लागला तरी आम्ही खूश असतो.

हा हिशोब मला लग्नानंतर पहिली काही वर्षं गोड वाटायचा. मग हळूहळू लक्षात आलं, की सोळा माणसांचं घर सोळांसाठी रोज झाडावं लागतं. आणि झाडणारी एकच असते.

गिझरची गोष्ट सासऱ्यांच्या दम्यामुळे निघाली. न्हाणीत आमच्याकडे चूल होती आणि तिच्यावर पक्का बसवलेला तांब्याचा हंडा. खाली माडाच्या वाळक्या झावळ्यांची चुडतं सारायची, नारळाची सोडणं सारायची, की पाणी तापतं. हे काम सासरे स्वतः करायचे, कुणाला हात लावू द्यायचे नाहीत. डॉक्टरांनी सांगितलं, धूर बंद करा. सासऱ्यांनी ऐकलं नाही. मग एका सकाळी चुलीसमोर वाकलेले ते सरळच होईनात, भिंतीला धरून खोकत राहिले. मी त्यांना बाहेर आणून बसवलं आणि चुलीत तांब्याभर पाणी ओतलं. गिझर घ्यायचा, एवढं त्या क्षणी ठरलं.

केवढा घ्यायचा, यावर मात्र मुंबईत खलबतं सुरू झाली. घराच्या ग्रुपवर थोरल्या दिरांनी लिहिलं, पंचवीस लिटरच्या खाली बघूच नका. कुणीतरी म्हणालं, त्यापेक्षा छपरावर मोठा सोलर बसवा, चतुर्थीला सगळे येतो तेव्हा आंघोळीला ही रांग लागते. मी लिहिलं, चतुर्थी पाच दिवस असते. त्यावर दिरांचा फोनच आला.

“अगो, पण घर आसा ना आमचा? मोठाच घे. पुढचो इचार करूक व्हयो.”

पुढचा विचार! त्यांच्या पुढच्या विचारात मी कायम न्हाणीच्या बाहेर उभी राहून ‘आता कोण जाणार?’ असं ओरडत असते. नवऱ्याला विचारलं तर तो म्हणाला, “तू ठरव.” हे त्याचं ठरलेलं उत्तर. बोटीवरच्या माणसाला बाजूला सरकायला समुद्रभर जागा असते.

मला ठरवायचं होतंच. फक्त गिझर नव्हे. मी कणकवलीच्या एका कॉलेजच्या लायब्ररीत नोकरी करते. दोन गाड्या बदलून जायचं, दोन बदलून यायचं, आणि काहीही होवो, तिन्हीसांजेला घरी पोचायचं, कारण देवाकडे दिवा लावायचा असतो. एखाद्या दिवशी गाडी चुकली तर सासरे काही बोलायचे नाहीत, स्वतः दिवा लावायचे. पण दुसऱ्या दिवशी मुंबईहून फोन यायचा, “काल उशीर झालो म्हणे?” कोण सांगतं, ते मला आजवर कळलेलं नाही. मुलगी दहावी झाली होती, तिला कणकवलीत सायन्सला प्रवेश मिळाला होता. डेपोच्या मागे मी एक खोली बघून ठेवली होती. खिडकीला जाळी, ओट्यावर एक शेगडी, बस. त्या खोलीत मी पहिल्यांदा गेले तेव्हा घरमालकीण काहीतरी सांगत होती आणि मी नुसती भिंतींकडे बघत होते. चार भिंती, आणि त्यांच्यात कुणाचीच वाट बघायची नाही. मला रडू यायला लागलं. मी पाणी मागितलं.

ही गोष्ट मी मुलीशिवाय घरात कुणालाच सांगितली नव्हती. ‘घर बंद होता नये’ हे वाक्य आमच्याकडे इतक्या वेळा बोललं जातं, की त्याच्यासमोर आपलं वाक्य काढायला जीभ धजत नाही. म्हणून मी एक पळवाट काढली होती. गिझर लहान घ्यायचा. दहा लिटरचा. एका माणसाला पुरेल असा. एकदा तो भिंतीवर बसला, की त्याच्याकडे बोट दाखवून सांगायचं: हे बघा, इथे राहणारं माणूस एकच आहे, जेवणाचा डबा शेजारची काकी देईल, मी शनिवार-रविवार येईन. तोंडाने सांगायला जमत नव्हतं, ते मी गिझरकडून वदवून घेणार होते. हसायचं तर हसा.

दुकान कणकवलीत. मी एकटीच जाणार होते, पण सकाळी बघते तर सासरे इस्त्रीचा सदरा घालून खळ्यात तयार.

“तुमी खंय?” मी विचारलं.

“बाजाराक. माका बघूक नको, मी कसल्यात न्हातलो ता?”

आता हे दुकानात सोळा म्हणणार. रस्ताभर ते खिडकीशी बसून बाहेर बघत होते आणि मी मनातल्या मनात भांडत होते. त्यांच्याशी, दिरांशी, ग्रुपवर अंगठे दाखवणाऱ्या सगळ्यांशी.

दुकानदार शुद्ध मराठीत सुरू झाला. पाणी विहिरीचं का? मचूळ आहे का? समुद्राजवळचं असेल तर आतून काचेचा लेप असलेली टाकीच घ्या, साधी लगेच गंजते. व्होल्टेज कसं आहे? कमी असेल तर झटपट तापणारा तीन लिटरचा नको, तो फार वीज ओढतो, जुन्या वायरिंगला झेपणार नाही. टाकीचं पाणी कडक तापतं, त्यात गार मिसळायचं. म्हणजे दहा लिटरमध्ये एका माणसाची आंघोळ आरामात होते. पंचवीसचा घेतलात तर एकाच्या बादलीसाठीही सगळी टाकी तापत बसणार, अर्धा तास सहज. मी मान हलवत होते, पण मला ठाऊक होतं शेवटी तो काय विचारणार.

“घरात माणसं किती?”

मी तोंड उघडायच्या आत सासरे बोलले.

“एक.”

दुकानदाराने माझ्याकडे पाहिलं, मग त्यांच्याकडे. आणि तोही मालवणीवर आला. “एकच? आणि ही?”

“ही माझी सून. ही आणि नात हयसर कणकवलीक ऱ्हवतली. खोली बघलली आसा. घरात मी एकटोच. माका धा लिटर रगड.”

सगळं त्यांनी दुकानदाराला सांगितलं. माझ्याकडे वळूनसुद्धा पाहिलं नाही. मुलीने सांगितलं असणार, दुसरं कोण सांगणार? मी जे गिझरकडून वदवणार होते, ते त्यांनी आपल्या तोंडाने, इस्त्रीचा सदरा घालून, परक्या माणसासमोर सांगून टाकलं होतं. मला हवं होतं ते अगदी तसंच्या तसं समोर आलं होतं. फक्त गप्प राहायचं होतं.

मला त्यांचा भयंकर राग आला. खाष्ट असते, टोमणे मारले असते, ‘घर बंद होता नये’ म्हणाले असते, तर मी त्याच दुपारी खोलीची किल्ली घेतली असती. पण आयुष्यभर सोळा म्हणत आलेल्या माणसाच्या तोंडून ‘एक’ ऐकायची माझी तयारी नव्हती. न्हाणीच्या भिंतीला धरून खोकणारी त्यांची पाठ डोळ्यांसमोर आली.

“दोन,” मी म्हणाले. “दोन माणसं.”

“मग पंधरा घ्या,” दुकानदार पुन्हा शुद्ध मराठीत म्हणाला. “दोघांना पंधरा पुरे.”

परतीच्या गाडीत खोकं आमच्या पायांशी होतं. सासऱ्यांनी ते पायाने जरा आत सरकवलं. मग म्हणाले, “दोन म्हणालंस.”

“हो.”

“चेडवाक सोडतलंस आणि तू ऱ्हवतलंस?”

“ती ऱ्हवात मैत्रिणीवांगडा. माजा नंतर बघूया.”

“नंतर,” ते म्हणाले. “गो, तो ‘एक’ शब्द मी किती दिस मनात घोकत होतो. इतक्या वर्सांनी एकदा धीर करून बोललो, तांय तू ऐकलंस नाय.”

मी हसले. तेही हसले आणि खोकले. हसताना मला स्पष्ट कळत होतं, की दार उघडून दिलं होतं आणि मी ते आतून लावून घेतलं होतं. आता भांडायलाही कुणी उरलं नव्हतं.

मुलगी कणकवलीत राहायला गेली. डेपोमागच्या त्याच खोलीत, वर्गातल्या एका मुलीबरोबर. खिडकीची जाळी उघडायला जड जाते, असं ती म्हणते. मी अजून दोन गाड्या बदलते. पंधरा लिटर पाहून दीर चार दिवस फुरंगटले, मग विसरले. सकाळी पहिली बादली सासऱ्यांची. ते उठायच्या आत मी बटण दाबते, तेवढ्यासाठी त्यांना उठायला नको.

एका रविवारी मी न्हाणीत शिरत होते आणि खळ्यात देवळातले मामा आले. महाप्रसादाचं नेहमीचं विचारणं. “घरात माणसां किती?”

मी थांबले. सोळाची वाट बघत.

“दोगां,” सासरे म्हणाले. “मी आणि माजी सून.”

मामा चकित होऊन काहीतरी म्हणाले, पण सासऱ्यांनी पुन्हा तेच सांगितलं, या खेपेला जरा मोठ्याने, अभिमानाने. मी न्हाणीचं दार आतून लावलं आणि नळ पुरा सोडला, रडण्याचा आवाज बाहेर जाऊ नये म्हणून. त्या दिवशी पंधराच्या पंधरा लिटर पाणी मी एकटीने संपवलं.